बारा व्होल्टांचा संसार

लंडनला गेलेला माणूस राजवाडा पाहतो, पूल पाहतो आणि परततो. मी ‘लिटल व्हेनिस’ही पाहिले. 1820 साली पुरा झालेला रीजंट्स कालवा इथे ग्रँड युनियन कालव्याच्या पॅडिंग्टन शाखेला मिळतो. काठाशी जेमतेम सात फूट रुंदीच्या लांबोडक्या होड्या, आणि त्यांत बारमाही संसार! एका वृद्ध दांपत्याने मला आत चहाला बोलावले. टेलिव्हिजन कोणता घ्यावा, यावर उभयतांचा खल चालला होता. काठाला बांधलेल्या होडीने रात्री आठ ते सकाळी आठ इंजिन चालवायचे नाही, असा नियम. तेव्हा रात्र काढायची ती बॅटरीतल्या शिलकीवर. घरगुती संचाला इन्व्हर्टर लागतो, आणि तो मधल्यामध्ये दलाली खातो. बारा व्होल्टांवर थेट चालणारा 24 वॉटचा लहान संच दोनच अँपिअर घेतो. मात्र इंजिन सुरू असताना चौदाच्या वर चढणारा दाब त्याला सोसला पाहिजे. आजोबांचा जीव मोठ्या पडद्यावर. आजीबाई शांतपणे म्हणाल्या, “फ्रिजही त्याच बॅटरीवर आहे. आजच्या बातम्या मोठ्या दिसायला हव्यात, की उद्याच्या चहाला दूध हवे?” आजोबांनी मुकाट्याने लहान संचाच्या चित्रावर बोट ठेवले. लंडन असो वा दादर, घरचा अर्थमंत्री कोण हे विचारावे लागत नाही!