सेल्मातली भेंडी

अटलांटाच्या विमानतळावर पट्ट्यावरून बॅगा यायच्या आधीच पहिला प्रश्न आला, "तू ज्यू कशी झालीस?" विचारणारी मुलगी दातांना तारा लावलेली, मनाने चांगली आणि उत्तराची खरोखर वाट बघणारी. "तू झालीस तशीच," मी म्हणाले. "आईच्या पोटातून."

मी तेव्हा सोळा वर्षांची. ठाण्यात वाढलेली, पप्पांच्या नोकरीपायी न्यू जर्सीत येऊन पडलेली, आडनाव 'कर'ने संपणारी. आमच्या बेने इस्रायल लोकांची गोष्ट सांगायला मला आवडतं, पण दिवसातून चारदा, रांगेत उभं राहून नाही. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेलं जहाज, वाचलेली सात जोडपी, अलिबागकडच्या गावांमधले तेलाचे घाणे, शनिवारी घाणा बंद म्हणून पडलेलं 'शनवार तेली' हे नाव. दुसऱ्या दिवसापर्यंत मी तिची इतकी काटछाट केली की कोकण, जहाज, तेल एवढंच उरलं.

यात्रा आमच्या सिनेगॉगच्या युवा मंडळाची होती, 'सामाजिक न्याय यात्रा'. अमेरिकेत ज्यू मुलं अशा सहलींना हौसेने जातात. कुणी वॉशिंग्टनला जाऊन खासदारांच्या कचेऱ्यांमध्ये निवेदनं देतं, कुणी दक्षिणेत जातं. आमची दक्षिणेची होती. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांचा लढा जिथे झाला ती गावं बघायची, आणि त्या लढ्यात आपले लोक कुठे उभे होते तेही. सगळ्यांना जांभळे टी-शर्ट, पाठीवर तोराहमधलं न्यायाबद्दलचं वचन. जांभळा रंग मला शोभत नाही.

त्याहून वैताग रात्रीच्या वर्तुळाचा. दिवसभर जे पाहिलं त्यावर झोपायच्या आधी गोल बसून 'आत काय हललं' ते सांगायचं. कुणाचं तरी रोज हलायचंच. एक मुलगा गिटार घेऊन यायचा. माझं पोट हललं असेल तर ते बसच्या एसीने, पण तसं म्हणायची सोय नव्हती.

अटलांटात आम्ही ते सिनेगॉग पाहिलं, जिथे 1958 मध्ये बॉम्ब फुटला, कारण तिथले रब्बी रोथशिल्ड गोऱ्या-काळ्यांच्या समतेबद्दल उघड बोलायचे. पुढे मार्टिन ल्यूथर किंग यांचं जन्मघर. त्या परिसरात गांधीजींचा पुतळा आहे आणि त्याच्याशेजारी मला उभं करून फोटो काढायची सगळ्यांना कोण घाई! 1959 मध्ये किंग मुंबईला आले तेव्हा गावदेवीच्या मणिभवनात राहिले होते, आणि ते मणिभवन मी शाळेच्या सहलीत पाहिलंय, हे सांगितल्यावर माझा भाव दिवसभर वधारलेला राहिला.

माँटगोमेरीला झुंडींनी मारलेल्या माणसांचं स्मारक आहे, 2018 मध्ये उघडलेलं. गंजलेल्या रंगाचे लोखंडी खांब, आठशेहून जास्त, प्रत्येक जिल्ह्याला एक, त्यावर तिथे मारलेल्यांची नावं कोरलेली. सुरुवातीला खांब आपल्या उंचीचे वाटतात. मग जमीन उतरत जाते, खांब तिथेच राहतात आणि थोड्या वेळाने ते सगळे डोक्यावर लटकत असतात. त्या रात्री वर्तुळात गिटारवाला मुलगासुद्धा बोलला नाही, आणि मला तो पहिल्यांदा आवडला.

आता सेल्मा.

गावाच्या नदीवर एडमंड पेटस पूल आहे. मतदानाचा हक्क मागायला निघालेल्या लोकांना 7 मार्च 1965 रोजी पोलिसांनी इथेच झोडपलं, अश्रुधूर सोडला. पेटस हा गुलामगिरीच्या बाजूने लढलेला सेनापती, पुढे कू क्लक्स क्लॅनचा पुढारी, आणि पुलावर नाव अजून त्याचंच. पूल मध्ये उंच आहे. चढताना पलीकडचं काही दिसत नाही. माथ्यावर पोचल्यावरच समोर कोण उभं आहे ते कळतं. हे मात्र कुणी सांगून समजलं नसतं, चालूनच समजलं.

दोन आठवड्यांनी, 21 मार्चला, पुन्हा मोर्चा निघाला, माँटगोमेरीपर्यंत, 54 मैलांचा. पहिल्या रांगेत किंग आणि त्याच रांगेत पांढऱ्या दाढीचे रब्बी हेशेल. तो फोटो आमच्याकडच्या प्रत्येक ज्यू मुलाला पाठ असतो. हवाईहून आलेले हार सगळ्यांच्या गळ्यात आहेत, त्यामुळे मला तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा एखाद्या पतपेढीच्या सत्काराचाच वाटला होता. आमच्या गटप्रमुखाने बसमध्ये हेशेलची गोष्ट इतक्या वेळा सांगितली की जणू मोर्चा त्यांनीच काढला होता.

म्हणून सेल्माच्या सिनेगॉगमध्ये सगळ्यांची पंचाईत झाली. 1899 ची विटांची देखणी इमारत, रंगीत काचा, शेकडो माणसांची जागा आणि सभासद उरलेत बोटांवर मोजण्याइतके. एक म्हातारे गृहस्थ दाखवायला आले होते. मुलांनी विचारलं, मोर्चाच्या वेळी इथल्या ज्यूंनी काय केलं? गृहस्थ म्हणाले, "दुकानं उघडली. संध्याकाळी बंद केली." मग सावकाश सांगितलं. इथले ज्यू कापडाचे, किराण्याचे व्यापारी. गावात कधीकाळी ज्यू महापौरही झाले. काहींना मनातून मोर्चेकऱ्यांचं पटत होतं, काही उघड गोऱ्यांच्या संघटनेत होते, आणि बहुतेकांना उत्तरेहून आलेले रब्बी कधी परत जातात असं झालं होतं, कारण रब्बी परत गेल्यावर गावात राहायचं यांना होतं.

मुलं चिडली. बाहेर पायऱ्यांवर चांगलीच वादावादी झाली. तारवाली मुलगी म्हणाली, "मी असते तर गप्प बसले नसते." मी काही बोलले नाही. मला ते गृहस्थ ओळखीचे वाटले. गावात चार घरं असली की माणूस कसा वागतो, ते आमच्या घरात मी पाहिलंय: कुणाशी वाकडं नाही, सगळ्यांच्या लग्नाला आहेर, मत विचारलं तर हसून चहा पुढे.

दुपारचं जेवण, मोर्चे जिथून निघत त्या ब्राऊन चॅपलच्या जवळच्या एका लहान चर्चच्या तळघरात होतं. बाहेरचं मांस आम्हांला चालत नाही, म्हणून शाकाहारी जेवण करा, असं आधी कळवलं होतं. स्वयंपाक करणाऱ्या बाईंना हा अपमान वाटला होता, आणि त्यांनी तो लपवला नाही. "मांस न घालता पालेभाजी?" त्या दारातच म्हणाल्या. "ते गुरांना घालतात." तरी दोन पातेली केली होती: एक आमच्यासाठी, कांदा आणि व्हिनेगर घातलेलं, आणि एक माणसांसाठी. मक्याचा पाव लोण्यात केलाय, चरबीत नाही, हे तीनतीनदा सांगितलं. चीज घातलेली मॅकरोनी होती, रताळ्याचा गोड 'पाय' होता. आणि भेंडी होती, टोमॅटोत शिजवलेली.

गटातल्या मुलांनी भेंडी काट्याने उचलून ताणून बघितली. कुणीतरी "ई" केलं. भेंडीला बुळबुळीत म्हणणाऱ्या माणसाशी माझं फार काळ जमत नाही. मी दुसऱ्यांदा वाढून घेतली, तिसऱ्यांदा घ्यायला उठले, तेव्हा बाईंनी खुणेने आत बोलावलं.

आत ओट्यावर भेंडीचा आणखी एक ढीग होता, संध्याकाळच्या प्रार्थनासभेसाठी. तळायची होती. बाई सत्तरीला आलेल्या, अंगाने भरलेल्या, पायांत रबरी चपला. एकेक भेंडी फडक्याने पुसून, डाव्या अंगठ्यावर ठेवून, पाटाशिवाय, सुरीने पटापट चकत्या करून मक्याच्या पिठाच्या परातीत टाकत होत्या. मी म्हटलं, आमची आईपण धुतल्यावर कोरडी करूनच चिरते, ओल्या भेंडीला हात लावू देत नाही. बाईंनी मला नीट पाहिलं. ही भाजी आफ्रिकेतून इथे गुलामांच्या जहाजांबरोबर आली, हे मला तेव्हा त्यांनी सांगितलं; आमच्या दारात ती कशी आली हे त्यांनी मला विचारलं, आणि मला काही सांगता आलं नाही. त्यांनी दुसरं फडकं माझ्याकडे फेकलं.

वर सभागृहात त्या वेळी चर्चचे पाद्री आमच्या गटाला 1965 सांगत होते. खाली मला जे मिळालं ते एका बुटाबद्दल होतं. त्या वर्षी फेब्रुवारीत शाळेतली मुलं कोर्टासमोर उभी राहिली होती. मतदानाचा हक्क असूनही सेल्मात शंभरातल्या दोनतीन कृष्णवर्णीयांचीच नावं मतदारयादीत होती. शेरीफ जिम क्लार्कच्या माणसांनी दीडशेहून जास्त मुलांना ताब्यात घेतलं आणि तुरुंगात नेण्याऐवजी गावाबाहेरच्या रस्त्यावर पळवत नेलं, मागून गाड्या, हातात गुरं हाकायचे विजेचे दांडे. बाई तेव्हा बारा वर्षांच्या. पळताना एक बूट गेला. बूट मोठ्या बहिणीचे होते, न विचारता घातलेले. "घरी गेले तर आई रडत होती. मला जवळ घेतलं. मग पायांकडे बघितलं आणि एक ठेवून दिली." विजेचा दांडा कसा लागतो असं मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. बुटाचा रंग सांगितला. काळा-पांढरा.

मग त्या म्हणाल्या, "तुझी माणसं कुठली?"

ज्यू कशी झालीस, असं नाही. मी तिथे कापलेली गोष्ट पुन्हा जोडली आणि सगळी सांगितली. घाणा सांगितला, मलिदा सांगितला, एलियाहू हानाबी या प्रेषिताला नवस बोलतात ते सांगितलं. मलिद्यात पोहे, नारळ आणि फळं असतात हे ऐकून त्या म्हणाल्या, हे नवसाला चालण्याजोगं आहे. मग मला जोर चढला आणि मी आमची गाऱ्हाणी काढली. मुंबईच्या बगदादी ज्यूंना आम्ही अस्सल वाटत नव्हतो. 1836 मध्ये त्यांनी कबरस्तानात त्यांच्या आणि आमच्या कबरींमध्ये भिंत घालायची मागणी केली होती. इस्रायलला गेलेल्या आमच्या लोकांचं लग्न लावण्याआधी आई-आजीचं कूळ तपासा, असा फतवा तिथल्या मुख्य रब्बींनी काढला. आमच्या आजीचा भाऊ जेरुसलेममध्ये रस्त्यावर बसला होता, आणि 1964 मध्ये तो फतवा मागे घ्यावा लागला. हे मी बरंच रंगवून सांगितलं.

बाई ऐकत होत्या, सुरी चालू. मग मीठ घातलंय का विचारावं तसं विचारलं, "आणि तुम्ही कुणाला बाहेर ठेवलंत?"

"आम्ही?"

"असेल की कुणीतरी."

होतंच. आमच्यात गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असे दोन होते. गोरे म्हणजे दोन्हीकडून समाजातले. काळे म्हणजे ज्यांच्या घरात कधीतरी बाहेरची बाई आली, तिची मुलंबाळं. एकमेकांत लग्नं होत नसत. आता कुणी काढत नाही हा विषय. अलाबामातल्या चर्चच्या स्वयंपाकघरात उभं राहून हे इंग्रजीत सांगताना 'काळे म्हणजे तसे काळे नव्हे हो' असं मी इतक्या घाईने पुढे जोडलं की बाईंनी सुरी खाली ठेवली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"आमच्याकडे कागदी पिशवी असायची," त्या डोळे पुसत म्हणाल्या. वाण्याकडची तपकिरी पिशवी. काही ठिकाणी काळ्यांमधलेच लोक ती चेहऱ्याशेजारी धरून बघत. पिशवीपेक्षा उजळ असलात तर आत. "माझी आजी उजळ होती. तिला माझे वडील पसंत नव्हते. मेली तोवर नव्हते." एवढं बोलून त्यांनी परात माझ्याकडे सरकवली आणि तेल तापलं का बघायला सांगितलं. तेवढ्यात गटप्रमुख मला शोधत जिन्यावरून खाली आला; मी महत्त्वाचं सत्र बुडवलं होतं. बाईंनी त्याच्या हातात तळलेल्या भेंडीची बशी दिली. त्याने उभ्याउभ्याच ती संपवली आणि सत्राचं नाव काढलं नाही.

सेल्मानंतर बर्मिंगहॅममध्ये आम्ही दीड दिवस होतो. 1963 मध्ये ज्या चर्चमध्ये बॉम्बने चार मुली गेल्या ते चर्च पाहिलं. त्या मुली आमच्याहून लहान होत्या. एवढंच लिहिते, त्याबद्दल मोठ्यांनी पुष्कळ लिहिलंय.

पण त्याआधी, सेल्माच्याच रात्री वर्तुळात माझी पाळी आली तेव्हा मी "पुढे चला" म्हटलं, आणि खोलीत जाऊन ठाण्याला व्हिडिओ कॉल लावला. तिथे सकाळ होती, आजी देवळातून... म्हणजे सिनेगॉगमधून यायची होती, पण गुडघ्यामुळे गेलीच नव्हती. न्यू जर्सीहून पप्पाही कॉलवर आले. मी सरळ विचारलं, आपल्याकडे काळे इस्रायल कोण होते?

"तसलं काही नव्हतं," पप्पा म्हणाले. "पुस्तकातलं आहे ते."

"होतं," आजी म्हणाली.

"आई, तू काहीही सांगू नकोस तिला."

"काहीही काय? तुझ्या धाकट्या मावशीचं ठरलेलं मोडलं ते कशावरून?"

पप्पा गप्प झाले. त्यांना हे माहीत नव्हतं. मावशीने लग्न केलं नाही ते तिला शिकवायची आवड होती म्हणून, असं आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. मुलगा शिकलेला होता, आजी सांगत होती, टपाल खात्यात होता, गळा गोड, सणाला त्याने म्हटलेलं ऐकायला बायका दाराशी येत. पण त्याच्या पणजीवरून कुणीतरी काढलं, आणि पप्पांच्या आजोबांनी नारळ परत पाठवला.

"मग पुढे त्याचं काय झालं?" पप्पांनी विचारलं. मला ओलांडून ते आता थेट आजीशीच बोलत होते.

"काय होणार? इस्रायलला गेला, अश्दोदला. तिकडेच लग्न केलं, नातवंडं आहेत. दर रोश हशानाला फोन करतो."

"कुणाला?"

"मला. मावशी गेली ना तुझी. आता आणखी कुणाला करणार?"