वाफेची वाट

कोकणात ओल घरात दोन वाटांनी येते. एक कौलांतून, तिच्याखाली तपेले ठेवता येते. दुसरी भाताच्या वाफेतून नि माणसांच्या श्वासातून. ती दिसत नाही. वेळणेश्वरच्या आमच्या जुन्या जांभ्याच्या घराला ही दुसरी ठाऊक होती. समोरासमोर गजांच्या खिडक्या, कौलांखाली मोकळी फट, आणि चुलीची ऊब. वाफ वर चढे नि फटीतून निघून जाई.

पुढे स्लॅबचे घर झाले. पावसाळाभर काचेच्या खिडक्या बंद. कोंडलेली वाफ गार भिंतीला भेटली की तिचे पाणी होई. कपाटामागे काळी बुरशी धरली, आणि रात्री आईचा दमा उठू लागला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ सालच्या पुस्तिकेत ओल, बुरशी आणि दमा यांचा संबंध सांगितलेला आहे. आमच्या घरात तो पुस्तकाविना कळला.

मी बुरशी पुसून काढली, कपाट वीतभर पुढे ओढले, न्हाणीघरात वाफ बाहेर टाकणारा पंखा बसवला. बाहेरची हवाही पावसात दमट; म्हणून उघडीप मिळाली की समोरासमोरच्या खिडक्या उघडायच्या, असे ठरवले. भिंत अजून पुरती वाळलेली नाही. पण आई आता पहाटेपर्यंत झोपते.