काठाचा मासा

ब्रह्मपुत्रेच्या रोंरावत्या खोऱ्यात एक मासा असाही राहतो, ज्याला वेगाचं पाणी झेपतच नाही. मायक्रोफिस देओकाटा हा नळीमासा जेमतेम वीतभर लांब, काडीसारखा बारीक. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या माशांवरच्या 1822 सालच्या ग्रंथात त्याचं पहिलं वर्णन केलं. समुद्रघोड्याच्या या भाऊबंदाला खवले नाहीत; हाडांची कडी एकापुढे एक जोडलेलं चिलखत आहे. अंगाला झोके देत पोहणं त्याला साधत नाही. पाठीवरचा चिमुकला पर थरथरवत तो तसूतसूने सरकतो. पाणवनस्पतींत निश्चल उभं राहायचं आणि इवलासा जीव टप्प्यात आला, की डोकं झटकून तोंडाच्या नळीने तो आत ओढायचा, ही त्याची शिकार. अंडी मादी घालते, पण पिलं बाहेर पडेपर्यंत ती पोटाखाली वागवतो नर. असं ओझं घेऊन प्रवाहाशी झुंजता येत नाही. म्हणून त्याचं खरं घर म्हणजे झाडोऱ्याने भरलेला, संथ पाण्याचा काठ.

2001 साली समुद्रघोड्यांच्या साऱ्या कुळाला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळालं. हे संरक्षण मोलाचं आहे, पण ते माशाला पकडणाऱ्या हातांपासून आहे. वाळूउपशाने, दगडी तटबंदीने काठ नाहीसा झाला, तर मासा कुणी पकडलेला नसतो. त्याला राहायला जागाच उरत नाही. यावर कुणी म्हणेल, पुरात गावंच्या गावं वाहून जातात, तिथे बांध नकोत का? हवेत. वस्ती वाचवायलाच हवी. पण प्रत्येक काठ दगडाने मढवायची गरज नसते. नदीशी जोडलेली बिलं, म्हणजे आसामची पूरतळी, पुराचं पाणी सामावून घेतात, आणि कोळ्यांच्या जाळ्यात येणाऱ्या कित्येक माशांची पिलं तिथेच वाढतात. राहिला उपयोगाचा प्रश्न. हा खाण्याचा मासा नाही, हे खरं. पण दमदार मासा काठ उजाडला तर दूर निघून जातो. याला ते जमत नाही. काठ बिघडल्याची खूण याच्या नाहीसं होण्यात लवकर दिसते. नदीवरच्या कोणत्याही कामाचा हिशेब मांडताना किती पाणी, किती वाळू, किती बोटी हे आपण मोजतो. किती हिरवा काठ शिल्लक राहील, हा आकडाही त्याच हिशेबात असला पाहिजे. तो नसेल, तर अनुसूचीतलं नाव या माशाला वाचवू शकणार नाही.