स्टेपनी

'स्टेपनी' हा शब्द इंग्रजी आहे असे आपण सगळेच धरून चालतो. पण आज इंग्लंडात तो या अर्थाने फारसा कोणाला कळणार नाही. वेल्समधील लानेली गावात स्टेपनी नावाचा एक रस्ता आहे. १९०४ साली तिथल्या टॉमस मॉरिस डेव्हिस यांनी मोटारीसाठी एक जादा चाक तयार केले. त्याला आरे नव्हते. हवा भरलेला टायर चढवलेली नुसती रिम पंक्चर झालेल्या चाकाला बाहेरून जखडायची. त्याआधी मोटारीसोबत जादा चाक नसेच, रस्त्यात बसूनच पंक्चर काढावे लागे. रस्त्याचे नाव चाकाला मिळाले, चाक जगभर गेले. पुढे त्याच्या मायदेशी शब्द विरला, आपल्या गॅरेजांत मात्र रुजला.

रुजताना त्याला आणखीही अर्थ चिकटले. पुरुषाच्या 'दुसऱ्या' बाईसाठी तो कुत्सितपणे वापरला जातो, हे सर्वांना ठाऊक आहे. आमच्या शिक्षक-कक्षात तो तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांसाठी वापरतात. मी सेट उत्तीर्ण होऊन नऊ वर्षे त्या तत्त्वावर शिकवले. दर जूनमध्ये नवी मुलाखत, सुट्टीत मानधन नाही. कोणी रजेवर गेले की हाक येई, "स्टेपनीला पाठवा वर्गावर." म्हणणाऱ्याच्या मनात त्यातला एकच अर्थ असेल, ऐकणाऱ्या बाईला दोन्ही ऐकू येतात.

गेल्या पावसाळ्यात एका चर्चासत्रासाठी कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालो होतो. आम्ही पाच जण, त्यांत आमची एक तरुण तासिका-प्राध्यापिकाही होती. गाडी म्हणजे २००८ सालची भाड्याची व्हॅन, बरीच वर्षे किनाऱ्यावर मासळी वाहिलेली. आंबा घाट उतरलो आणि साखरप्याच्या अलीकडे मागचे चाक बसले.

अशा गाडीत स्टेपनी पोटाखाली, मागच्या बाजूला आडवी टांगलेली असते. रिमच्या मधल्या भोकातून तारदोर जातो, त्याच्या टोकाची पट्टी चाकाला खालून पेलते. मागच्या दारापाशी एक छिद्र असते. त्यात लांब दांडा घालून फिरवला की दोर सुटतो आणि चाक जमिनीवर उतरते. ही झाली कागदावरची गोष्ट. जागा वाचते खरी, पण रस्त्यावरचा सगळा चिखल आधी तिच्याच अंगावर उडतो. इथे तर मासळीचे खारे पाणीही मुरलेले. मामांनी दांडा फिरवला, दोर ढिला होऊन लोंबला, चाक मात्र तसूभरही हलले नाही. रिम वरच्या कंसाला गंजाने धरून बसली होती.

आमच्यातले एक सर वाकून चाक ओढू लागले. मामा ओरडलेच, "सर, हात काढा आधी! सुटलं की ते सांगून पडत नाही." त्यांनी दोर पुन्हा आवळला, सैल केला, पुन्हा आवळला. जोडावर गंज सोडवणारे तेल मारले आणि चक्क विडी पेटवून बसले. तेलाला वेळ द्यावा लागतो. आम्ही सगळे घड्याळाकडे बघत होतो, मामा बघत नव्हते. मग शेताच्या बांधावरचा एक वासा आणून, स्वतः बाजूला उभे राहून, त्यांनी टायरच्या कडेला आळीपाळीने दोन्हीकडून ढुसण्या दिल्या. सहाव्या-सातव्या ढुसणीला लाल भुगा झडला आणि चाक धाडकन खाली आले.

त्यात हवा निम्मीच होती. साहजिकच आहे, वर्षानुवर्षे खाली कोण वाकून बघणार? तेच चाक चढवून हळूहळू साखरप्यापर्यंत गेलो, पंक्चर काढले, दोन्हींत हवा भरली. मामांनी स्टेपनी पुन्हा पोटाखाली टांगली नाही. "तार बदलल्याशिवाय नाय," म्हणाले, आणि मागच्या सीटपुढे बॅगा सरकवून तिला आडवी ठेवली.

"स्टेपनीला आत जागा मिळाली," आमच्यातले ज्येष्ठ सर हसून म्हणाले. ती तरुण प्राध्यापिका खिडकीबाहेर बघत होती. मी सरांना विचारले, "हिच्या जागेची फाईल पुढे कधी पाठवताय?" सर म्हणाले, "बघू." पालीपर्यंत गाडीत कोणी बोलले नाही.