वाशीमच्या वाचनालयात एक दुपार

अकोल्याहून पूर्णेकडे जाणाऱ्या गाडीने तुम्ही वाशीमला उतरलात की जो तो आधी बालाजी मंदिराची वाट दाखवील. दर्शन जरूर घ्या. पण हाताशी दोन तास असतील तर गावातल्या एखाद्या वाचनालयातही डोकावा. मी नणंदेकडे गेले होते. दुपारची झोप मला मानवत नाही, म्हणून तिचं पुस्तक बदलून आणायला निघाले.

दाराशीच रहस्यकथा! बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळापहाड, शेजारी गुरुनाथ नाईक. खाकी कव्हरं, पानांवर तेलाची बोटं. (फोडणी करता करता वाचलेली, दुसरं काय!) पुढे कादंबऱ्या, पाककृती, व्रतवैकल्यं, दिवाळी अंकांचे गठ्ठे, आणि अगदी खालच्या खणात धूळ खात पडलेला एक जाडजूड कुलवृत्तांत.

मी तोच घेऊन बसले. गोत्र, मूळ गाव, कोण कुठे नोकरीला, कुणाला किती मुलगे, सगळं तपशीलवार. बायकांच्या वाट्याला मात्र पुष्कळदा सासरचं एक नाव, पुढे काही नाही. आमच्याही घरी तीच गत. आजेसासूबाईंचं माहेरचं नाव आज कुणालाच ठाऊक नाही. आम्ही जावा-नणंदांनी शोध चालवला आहे, पण तिथे झुंजारलासुद्धा घाम फुटावा!

वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त याच गावी लावलं आहे. १९३९ साली इथे दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट मिळाला. गाव दान दिल्याचा मजकूर प्राकृतात, पण वंशावळ संस्कृतात: सर्वसेनाचा मुलगा, प्रवरसेनाचा नातू. ह्याच घराण्याच्या दुसऱ्या शाखेतली राणी प्रभावतीगुप्ता मोठी धीराची. तिने आपल्या ताम्रपटात माहेरची, गुप्तांची वंशावळ कोरवून घेतली. बाप दुसरा चंद्रगुप्त तर आलाच, पण नागकुळातली आई कुबेरनागाही आली. वाचून मला तिचा हेवाच वाटला.

दुसऱ्या दिवशी मंगरूळपीरवरून कारंज्याला गेले. हे नृसिंहसरस्वतींचं जन्मगाव, तसंच जैन पोथ्यांचं मोठं ठाणं. रायबहादूर हिरालालांनी १९२६ च्या सूचीत इथल्या पोथ्यांची नोंद केली. पुढे डॉ. हिरालाल जैनांनी (हे वेगळे बरं का!) ‘णायकुमारचरिउ’, ‘करकंडचरिउ’ असे अपभ्रंश ग्रंथ संपादून छापले. पण मला खरं कौतुक वाटलं ते पोथ्यांच्या शेवटच्या मजकुराचं. पोथी कुणी लिहवून घेतली, कुणाला दिली, हे शेवटी लिहिण्याची जैनांत जुनी चाल. दान देणारी पुष्कळदा एखादी बाई असते आणि कधी कधी घरातल्या सुनांचीही नावं येतात. राजाच्या वंशावळीत जे मिळणं कठीण, ते पोथीच्या शेवटच्या पानावर सापडतं!

नणंदेकडे परतल्यावर आम्ही दोघींनी एक दोनशेपानी वही काढली. डाव्या पानावर सासरचं नाव, उजव्या पानावर माहेरचं. रात्रीपर्यंत अकरा जणी झाल्या. आजेसासूबाईंचं उजवं पान कोरं सोडलं आहे. त्यांची एक भाची हयात असल्याचं कानावर आलंय, नव्वदीच्या पुढची. कान मंद झालेत म्हणे, पण जुनं सगळं आठवतं. आता दिवाळीची वाट कोण बघतो? पुढच्या रविवारीच गाठायचं ठरलंय.