शेडात इंजिन, माजघरात ‘स्त्री’

साठ-सत्तरच्या दशकात सांगली-साताऱ्याकडच्या खेड्यात वाढलेल्या कुणालाही ‘किर्लोस्कर’ म्हणजे काय असं विचारा. तोंडानं सांगायच्या आधी तो हातानं हँडल मारून दाखवेल.

हँडल मारता येणं हा आमच्या वेळी पोरगं कामाला आल्याचा दाखला होता. डीकॉम्प्रेशनचा खटका वर करायचा, दोन्ही हातांनी हँडल गरागरा फिरवायचं, फ्लायव्हील पुरतं घुमलं की खटका पाडायचा. त्याआधी फुटव्हॉल्व्हनं पाणी धरलंय का ते बघायचं. नसेल तर पाइपात बादल्या ओतत बसायचं. पाच एचपीचं ते एका सिलिंडरचं इंजिन एकदा लागलं की दोन मळे पलीकडच्यालाही कळे, आज अमक्याचं भिजवणं आहे. पंप ओढून ओढून ओढणार किती, वीस-पंचवीस फूट. बहात्तरच्या दुष्काळात पाणी तळाला गेलं, तेव्हा इंजिनंही विहिरीच्या पोटात टप्प्यावर उतरवावी लागली.

घरातल्या बायकांचा हिशोब निराळा. इंजिन गार ठेवायला फिरवलेलं पाणी बाहेर पडताना चांगलं कोमट असायचं. थंडीत धुणं तिथंच निघे आणि पोरांच्या आंघोळीही तिथंच उरकत. जळकं ऑइल डब्यात साठवून गोठ्याच्या मेढींना फासायचं, वाळवी लागू नये म्हणून. वाया जाईल असं त्या यंत्रात काही नव्हतंच. धुराची काजळीसुद्धा आम्ही मिशा काढायला वापरली.

एवढं घरचं झालेलं हे नाव आमच्या पणजोबांच्या वेळी मात्र संशयाचं होतं. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हीजेटीआयमधले मास्तर. बेळगावात त्यांनी सायकलचं दुकान काढलं, मग कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते असं शेतकऱ्यांनी ठरवून टाकलेलं, त्यामुळे नांगर खपायला दोन वर्षं गेली. ही गोष्ट सांगताना शहरातली माणसं शेतकऱ्याच्या अडाणीपणाला हसतात. मला ते पटत नाही. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यावर नीट करून देई. लोखंडी मोडला तर कुणाच्या दारात जायचं? पुढं आमच्याकडे इंजिन रुजलं ते तालुक्याला नोझल आणि पिस्टनरिंग मिळायला लागल्या म्हणून, आणि गावातच एक हरहुन्नरी फिटर तयार झाला म्हणून.

बेळगावातून उठावं लागलं तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी लक्ष्मणरावांच्या मदतीला आले. कुंडल रोड स्टेशनजवळचा 32 एकर माळ आणि 10,000 रुपयांचं कर्ज त्यांनी दिलं. निवडुंग आणि सापांचा तो माळ. 1910 साली तिथं कारखाना उभा राहिला आणि पुढं स्टेशनचंही नाव किर्लोस्करवाडी झालं. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत शिकून आले. 1946 साली पुण्याजवळ खडकीला ऑइल इंजिनांची कंपनी निघाली, त्याच वर्षी बंगळूरला विजेच्या मोटारींची. आमच्या मळ्यातलं इंजिन खडकीचं, पण घरात सगळे ‘वाडीचं इंजिन’च म्हणत.

वाडीहून आमच्या घरात आणखी एक वस्तू आली, तिला डिझेल लागत नव्हतं. शंकरराव किर्लोस्करांनी 1920 साली ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. कारखान्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत पोचवायला निघालेल्या त्या अंकाचं बघता बघता वाङ्मयीन मासिक झालं. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेचे लेख ‘किर्लोस्कर’मध्येच आले. 1930 साली ‘स्त्री’ निघालं, 1934 साली ‘मनोहर’. नांगर विकणाऱ्या माणसांनी बायकांच्या शिक्षणावर, विधवांच्या प्रश्नांवर मासिक चालवावं, यात मला विसंगती दिसत नाही. जुनं मोडून नवं वापरायला माणसाला राजी करायचं, हाच दोन्हीकडचा धंदा होता.

आमच्या थोरल्या काकूला ‘स्त्री’ यायचं. पोस्टमन अंक टाकून गेला की त्या दिवशी भाकरी उशिरा. जावाजावांत अंक हातोहात फिरे, शेवटी सासरी परतणाऱ्या आत्याच्या पिशवीतून दुसऱ्या गावाला जाई. आजोबा कुरकुरायचे, “इंजिन त्यांचं, मासिक त्यांचं, सून तेवढी आपली राहू द्या म्हणावं.” काकू ऐकून न ऐकल्यासारखं करायची. वर्गणीची मनीऑर्डर ती दुधाच्या पैशातून करत असे, आणि दुधाच्या पैशाचा हिशोब आजोबांनी कधी मागितला नाही.