फाइल उघडली का?

पुण्याच्या छपाईच्या धंद्यात दोन प्रश्न कायमचे. ‘मजकूर कधी देताय?’ हा पहिला आणि ‘फाइल उघडली का?’ हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘उद्या’ असं पूर्वीपासून चालत आलंय. दुसऱ्याचं उत्तर मात्र माझ्या डोळ्यांदेखत बदललं.

मी मराठी टायपिंग शिकले तेव्हा हा दुसरा प्रश्न जन्मालाच आला नव्हता. सदाशिव पेठेतल्या एका जिन्यावरच्या क्लासात लोखंडी यंत्रांचा नुसता खडखडाट असे. परीक्षा परिषदेची मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा डोक्यावर, बोटांना रिबिनीची शाई. कागद रुळातून बाहेर आला की काम संपलं. तो वाचायला चष्म्यापलीकडे काही लागत नसे.

पुढे नारायण पेठेत डीटीपीच्या कामाला लागले आणि ‘उघडणे’ ही भानगड सुरू झाली. संगणकावर मराठी उमटली त्यात आपल्या गावाचा वाटा मोठा. सी-डॅक ही संस्था 1988 मध्ये पुण्यात सुरू झाली आणि भारतीय लिप्यांसाठीचं ‘जिस्ट’ तंत्र तिनं पुढे नेलं. प्रेसवाल्यांच्या तोंडी असलेली श्रीलिपीही पुण्याचीच. पण प्रत्येक सॉफ्टवेअरनं अक्षरांना आपापले क्रमांक दिले होते. जुन्या पेठांत घर शोधणाऱ्याला घर क्रमांकांची जी मौज अनुभवायला मिळते, तीच इथे. एका फॉन्टमध्ये ‘क’ जिथे राहतो, तिथे दुसऱ्यात अर्धा ‘ष’ बिऱ्हाड करून बसलेला.

त्यामुळे लेखकानं फ्लॉपी आणून दिली, की आम्ही आधी विचारायचो, “फॉन्ट कुठला?” लेखक म्हणायचे, “मराठी.” मग पडद्यावर डॉलरची चिन्हं, स्वल्पविराम, डोक्यावर टिंब असलेली रोमन अक्षरं यांची भेळ. ‘माझे बालपण’ हे प्रकरण मी त्या रूपात कितीदा पाहिलंय! मजकूर संगणकात शाबूत असे, फक्त तो मराठी आहे हे संगणकाला ठाऊक नसे. शेवटी फ्लॉपीत फॉन्टही भरून आणायची पद्धत पडली. काही सॉफ्टवेअरना तर संगणकाच्या पाठीमागे डोंगल लावल्याशिवाय तोंडच फुटत नसे. डोंगल मालकाच्या खिशात आणि मालक लग्नाला सांगलीत, म्हणजे त्या दिवशी काम बंद.

नेट कॅफे आले तेव्हा वाटलं, आता सुटलो. पण मराठी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवरही पहिली ओळ हीच: आधी आमचा फॉन्ट उतरवून घ्या. चार वृत्तपत्रं वाचायची तर चार फॉन्ट.

सुटका केली ती युनिकोडनं. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक. देवनागरीच्या वाट्याला 128 जागा आल्या आणि त्यांची मांडणी ‘इस्की’ या भारतीय प्रमाणावरून घेतली गेली. विंडोज 2000 बरोबर ‘मंगल’ फॉन्ट घरोघर आला आणि ‘क’ सगळीकडे ‘क’ राहू लागला. तरी आपल्या काही गोष्टी मागून आल्या. ‘ॲडमिशन’मधल्या ‘ॲ’ला स्वतःची जागा मिळाली ती 2008 मध्ये. तोवर आम्ही ‘अ’वर चंद्र टेकवण्याच्या नाना युक्त्या करत होतो.

तेवढ्यात लिहिण्याचं कामही ब्राउझरमध्ये शिरलं. 2005 मध्ये चेन्नईकडच्या मंडळींचं झोहो रायटर आलं, 2006 मध्ये गुगलनं ‘राइटली’ विकत घेऊन त्याचं डॉक्स केलं. अमेरिकेतल्या एका मराठी मंडळाच्या स्मरणिकेचं काम मी पहिल्यांदा असं केलं. तिकडच्या संपादकबाई न्यू जर्सीत, मी कोथरूडमध्ये, मजकूर एकच. मी ‘आणि’ दुरुस्त करते आहे तोवर खालच्या परिच्छेदात त्यांच्या नावाचा रंगीत कर्सर चालताना दिसे. अनुस्वारावरून भांडायला टपालखर्च लागेनासा झाला.

आता तर कुणी वर्डची फाइल पाठवली, की तिच्यावर टिचकी मारायची, ती टॅबमध्ये उघडते. वर्ड विकत घेतलेलं नसलं तरी अडत नाही. हे कसं होतं याचं मला कुतूहल होतं. डीटीपीतल्या एका मुलानं माझ्यासमोर एका फाइलीच्या नावातलं ‘डॉकएक्स’ पुसून ‘झिप’ लिहिलं आणि ती उघडली. आत कप्पेच कप्पे! त्यातल्या एकात कोनी कंसांच्या गर्दीत आमच्या लेखातलं ‘आजीची गोधडी’ स्वच्छ मराठीत बसलेलं. वेबपानंही अशाच कंसांच्या भाषेत लिहितात. त्यामुळे मधला दुभाषी एकाचं दुसऱ्यात रूपांतर करतो आणि ब्राउझर आपल्याला ते दाखवतो. तो दुभाषी बहुतेकदा आपल्या टेबलावर नसतो, दूरच्या कुठल्यातरी सर्व्हरवर असतो. मृत्युपत्राचा मसुदा किंवा पॅन कार्डाची प्रत अशी उघडण्याआधी माणसानं क्षणभर थांबावं.

उघडते म्हणून तशीच्या तशी दिसते, असंही नाही. 64 पानांचं पुस्तक टॅबमध्ये 66 पानांचं होतं, कारण मूळ फॉन्टच्या जागी दुसरा बसलेला असतो. पाकळीचा ‘ल’ आणि शेंडीचा ‘श’ जाऊन हिंदी वळणाची अक्षरं येतात. हे पान मराठी आहे अशी खूण पानात असेल आणि फॉन्टमध्ये तशी सोय असेल, तरच आपला ‘ल’ परत मिळतो. म्हणून माझा नियम साधा आहे: वाचायला आणि दुरुस्त्यांना ब्राउझर, छपाईला फॉन्ट आत बांधलेली पीडीएफ. ती पीडीएफसुद्धा आता ब्राउझरच उघडतो. फायरफॉक्समध्ये ती सोय 2013 पासून आहे, क्रोममध्ये त्याच्याही आधीपासून. सरकारी कागदांचंही आता तेच. माझ्या सासरची भोरकडची मंडळी सात-बाऱ्यासाठी तलाठ्याच्या दारात बसून राहत. 2018 पासून डिजिटल सहीचा सात-बारा घरबसल्या मिळतो, आणि तोही टॅबमध्येच उघडतो.

एवढं सगळं उघडायला लागल्यावर जे उघडत नाही ते जास्त खुपतं. परवा एक बाई वडिलांच्या आठवणींची सीडी घेऊन आल्या. वडील गेले, प्रेस बंद झाला. ब्राउझरनं फाइल हसतमुखानं उघडली आणि आत तीच डॉलर-टिंबांची भेळ. बदलून देणारी सॉफ्टवेअर आहेत, पण आधी फॉन्ट ओळखावा लागतो. ओळखला तरी ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘आचाऱ्यांना’ असल्या शब्दांत रफार चुकीच्या जागी बसतो आणि आचाऱ्यांचे आचार्य होतात. ते पकडायला डोळेच लागतात.

वीस-पंचवीस वर्षांची मराठी अशी कपाटांत पडून आहे: संस्थांची इतिवृत्तं, दिवाळी अंक, हयात नसलेल्यांची आत्मचरित्रं. तुमच्याही घरी अशी एखादी सीडी असेल. ती बाहेर काढा, मजकूर युनिकोडमध्ये आणून मूळ छापील पानाशी ताडून घ्या आणि एक प्रत पीडीएफ करून ठेवा. नुसतं पडद्यावर बघून फॉन्टचं नाव सांगणारे ऑपरेटर पेठांमध्ये अजून भेटतात. ते निवृत्त व्हायच्या आत हे काम उरकून घ्या.